परगावचे अन्न

अन्नाविषयीचा आपला इतिहास हा बहुधा पंक्तींचा इतिहास आहे. पेशव्यांच्या वाड्यातील ब्राह्मणभोजने, संस्थानिकांच्या मेजवान्या, लग्नकार्यांची ताटे यांची वर्णने जुन्या कागदपत्रांतून मुबलक सापडतात. परंतु ज्याने एका पातेल्यात मूठभर तांदूळ शिजविले, ते मेतकुटाबरोबर खाल्ले आणि पातेले घासून पालथे घातले, त्याची नोंद कोणी ठेवावी? शिक्षणासाठी, चाकरीसाठी किंवा मजुरीसाठी घर सोडून परगावी एकटा राहिलेला माणूस दोन वेळचे पोट कसे भरीत असे, हा प्रश्न इतिहासकाराला क्षुल्लक वाटत आला आहे. वस्तुतः तो क्षुल्लक नाही. आपल्या समाजात विद्या कोणापर्यंत पोचली आणि कोणाच्या उंबरठ्यावरून परत फिरली, याचे उत्तर शाळांच्या संख्येत जितके आहे तितकेच या प्रश्नातही आहे. गावात शाळा नाही, तालुक्याला आहे. फीही माफ होईल. पण पोराने जेवावे कोठे? आमच्या धंद्यातील मंडळींना हा प्रश्न पालकांच्या तोंडून किती वेळा ऐकावा लागतो, हे येथे सांगण्याची आवश्यकता नाही.

या प्रश्नाला आपल्या समाजाने दिलेले सर्वांत जुने उत्तर म्हणजे माधुकरी. भुंगा जसा अनेक फुलांवरून थोडा थोडा मध गोळा करतो, तसे अनेक घरांतून थोडे थोडे शिजलेले अन्न गोळा करावे, असा त्या शब्दाचा अर्थ. कल्पना मोठी रम्य आहे. तिच्यामागे एक तत्त्वही होते. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी आपल्या अनुयायांना चारही वर्णांच्या घरी भिक्षा मागावयास सांगितले. भिक्षेने जसे पोट भरावे तसा अहंकारही झिजावा, हा त्यातील हेतू. समर्थ संप्रदायातही भिक्षा म्हणजे नुसते उदरभरण नव्हते. तिच्या निमित्ताने गावोगाव हिंडावे, लोकस्थिती न्याहाळावी अशी दृष्टी होती. मात्र एकोणिसाव्या शतकातील पुणे, सातारा, नाशिक, वाई येथील विद्यार्थ्याच्या हातात ही माधुकरी आली तेव्हा तिच्यातील चारही वर्णांची घरे गळून गेलेली होती. मागणारा ब्राह्मण आणि घालणाराही ब्राह्मण, असा तिचा रिवाज ठरून गेला होता.

सकाळची स्नानसंध्या आटोपून, सोवळे नेसून, झोळी आणि भांडे घेऊन मुलगा ठरलेल्या घरांच्या दाराशी उभा राही आणि भिक्षेची हाक देई. आतून घरची बाई भाताची मूद, वर वरण, कधी पोळीचा चतकोर, कधी कोशिंबिरीचे बोट असे काहीबाही आणून घाली. एका घरचा भात, दुसऱ्या घरची आमटी, तिसऱ्या घरची काल रात्रीची भाजी, असे सगळे भांड्यात एकत्र होई. मुलाने बिऱ्हाडी परतावे, म्हणजे एखाद्या देवळाच्या ओवरीत किंवा वाड्याच्या ओसरीवर येऊन बसावे, चित्राहुती घालून जेवावे आणि उरले तर रात्रीला झाकून ठेवावे. उन्हाळ्यात रात्रीपर्यंत ते आंबून जाई. चवीची चर्चा करण्याचा प्रश्नच नव्हता. पाच घरे चुकविता येत नसत. कारण एक घर चुकले की तेवढा घास कमी पडे आणि शिवाय उद्या त्या घरी ‘काल का आला नाहीस’ या प्रश्नाला उत्तर द्यावे लागे.

वार लावून जेवणे ही त्याहून थोडी वरच्या पायरीवरची सोय समजली जाई. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी, असे सात दिवस सात घरांत वाटून द्यावयाचे. येथे दारात उभे राहावे लागत नसे. पंक्तीस पान मिळे, ताजे अन्न मिळे. पण सातही वार भरणे हे भाग्याचे लक्षण होते. पाच वार मिळाले आणि दोन रिकामे राहिले, तर त्या दोन दिवशी एकादशी नसतानाही एकादशी घडे. ज्याच्या घरी वार असे त्या घरची बारीकसारीक कामे मुलाने करावीत, बाजारातून भाजी आणून द्यावी, धाकट्या मुलाचा अभ्यास घ्यावा, ही अपेक्षा उच्चारली जात नसे. ती धरलेलीच असे. कित्येक घरांत त्याला घरच्या मुलासारखे वागविले जाई. कित्येक घरांत त्याचे पान पंक्तीच्या टोकाला मांडले जाई आणि तूप तेथपर्यंत पोचेतो संपलेले असे. मराठीतील आत्मचरित्रांतून या दोन्ही तऱ्हांची माणसे भेटतात. लेखक पुढे मोठा झालेला असला तरी त्या तुपाची आठवण त्याला राहिलेली असते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

माधुकरी आणि वार यांविषयी आज दोन प्रकारची मते ऐकू येतात. कोणी त्यांचा गौरव करतो, समाजाने गरीब विद्यार्थ्याला कसे पोसले म्हणून. कोणी त्यांची हेटाळणी करतो, त्या लाचारीने मुलांचे मन कसे खुरटले म्हणून. मला या दोहोंपेक्षा एक तिसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. स्वस्त अन्न स्वस्त असते, याचा अर्थ त्याची किंमत दुसऱ्या कोणी तरी चुकविलेली असते. माधुकरीच्या अन्नाची किंमत धान्याच्या रूपाने गृहस्थाने दिली, श्रमाच्या रूपाने घरच्या बाईने दिली आणि मानाच्या रूपाने मुलाने दिली. हा व्यवहार एका जातीच्या कुंपणात चालला आणि म्हणून त्या कुंपणातील निर्धन मुलालासुद्धा पुण्यास जाऊन शिकता आले. कुंपणाबाहेरील कुणब्याचा, माळ्याचा, साळ्याचा मुलगा त्याच्यापेक्षा बुद्धीने उणा नव्हता. त्याला पुण्यात जेवावयास घर नव्हते. महाराचा किंवा मांगाचा मुलगा तर पाण्यापासूनच अडलेला. शिक्षणाच्या प्रसाराचे आलेख काढणाऱ्यांनी ही सात घरे हिशेबात धरली पाहिजेत.

ज्यांना ना माधुकरी मागवत होती ना वार मिळत होते, त्यांच्यापुढे हाताने शिजविण्याचा मार्ग होता. गोपाळ कृष्ण गोखले यांचे उदाहरण सर्वश्रुत आहे. वडील गेल्यावर थोरल्या भावाने शाळा सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतले आठ रुपये धाकट्याच्या शिक्षणासाठी धाडण्यास आरंभ केला. उरलेल्या सात रुपयांत मागचे सगळे कुटुंब. या आठ रुपयांचे ओझे गोखल्यांना किती वाटत होते, हे ते हाताने स्वयंपाक करीत आणि दिव्याचे तेल वाचविण्यासाठी रस्त्यावरच्या कंदिलाखाली वाचीत, या प्रसिद्ध हकिगतीवरून कळते. आगरकरांविषयी एकच सदरा रात्री धुऊन वाळवून सकाळी घालण्याची जी कथा सांगतात, तीही याच काळातली. पुढे देशाच्या अंदाजपत्रकावर गोखल्यांनी जी भाषणे केली, त्यांत मिठावरील कर हा विषय वारंवार येतो. ज्याने स्वतः मीठ मोजून घातले आहे, त्याला त्या कराचा अर्थ पुस्तकातून शिकावा लागला नसेल, असे मला नेहमी वाटत आले आहे.

हाताने शिजविणाऱ्या एकट्या विद्यार्थ्याच्या पाकशास्त्रात प्रकार थोडे आणि युक्त्या फार. कोळशाची शेगडी किंवा तीन दगडांची चूल, एक पातेले, एक तवा, एक पळी. कोकणातला मुलगा घरून तांदूळ, पोहे, कुळथाचे पीठ, आमसुले आणि भाजलेले मेतकूट घेऊन येई. देशावरचा ज्वारी, शेंगदाण्याची चटणी, भाजणी आणि तिखट. मऊ भात, पिठले, खिचडी, भाकरी ही चार नावे घेतली की बहुतेक आठवडा संपला. भाकरी थापता येणे ही मोठी विद्या. ती न साधणाऱ्याने जाड धिरड्यावर समाधान मानावे. सकाळी एकदाच शिजवून दोन वेळा खावयाचे, कारण कोळसा दोनदा पेटविणे परवडत नसे. डाळ महाग झाली की पिठल्यात पाणी वाढे. भाजीऐवजी कांदा, आणि कांदा महागला तर तिखटमिठावर तेलाचा थेंब. घरी ज्याने पाण्याचा तांब्याही स्वतः भरून घेतला नव्हता, अशा पुरुषांच्या दोन-तीन पिढ्यांनी चूल पेटविण्याचे ज्ञान परगावी राहून मिळविले; मात्र लग्न झाल्याबरोबर ते बहुतेकांनी विसरून टाकले, हेही नमूद करावयास हवे. एकट्याने मोजून शिजविणाऱ्याला उपयोगी पडेल असे वाटी-चमच्याचे प्रमाण पुस्तकातून घरोघर पोचले ते पुष्कळ उशिरा, कमलाबाई ओगले यांच्या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या ‘रुचिरा’ने.

माधुकरीच्या, अन्नछत्राच्या आणि राजाश्रयाच्या अशा तिन्ही अन्नांची चव एकाच आयुष्यात घेतलेला माणूस म्हणजे धर्मानंद कोसंबी. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ साली जन्मलेला, शाळेचे शिक्षण जेमतेम झालेला हा गृहस्थ बुद्धाविषयीच्या ओढीने १८९९ साली घरातून निघाला आणि संस्कृत शिकण्यासाठी पुणे, ग्वाल्हेर असे करीत काशीस पोचला. काशीत त्याने विद्याभ्यास केला तो अन्नछत्रातील जेवणावर. काशीची ही छत्रे म्हणजे राजेरजवाडे आणि धनिक यांच्या पुण्याची खाती. अहिल्याबाई होळकरांनी जागोजागच्या तीर्थक्षेत्रांत जी अन्नदानाची व्यवस्था लावली तीही याच परंपरेतली. शास्त्र शिकणाऱ्यास तेथे अन्न मिळे, पण तेथेही पंक्ती ठरलेल्या असत आणि कोणत्या ब्राह्मणाने कोणाच्या शेजारी बसावे याचे दंडक कडक असत. पुढे सिंहलद्वीपात जाऊन १९०२ साली कोसंबी श्रामणेर झाले आणि बौद्ध भिक्षूंच्या नियमाप्रमाणे मध्याह्नानंतर अन्न न घेणारे झाले. भिक्षापात्र आणि माधुकरीची झोळी यांत त्यांना काय अंतर दिसले असेल, याचा विचार मनोरंजक आहे: पात्रात घालणाऱ्याची जात पाहावयाची नसते.

कोसंबींच्या पोटाचा प्रश्न शेवटी सुटला तो आमच्या वडोदऱ्यामुळे. कलकत्ता विद्यापीठातील बऱ्या वेतनाची जागा सोडून महाराष्ट्रात पाली विद्येचा प्रसार करण्याची त्यांची इच्छा होती. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा ५० रुपये देऊ केले. अट एवढीच की महाराष्ट्रात कोठेही राहावे आणि वर्षाकाठी एक पुस्तक बडोदे संस्थानासाठी लिहावे. पाली वाङ्मय मराठीत आले त्याच्या मुळाशी हे पन्नास रुपये आहेत. दात्याच्या दारात उभे न राहता, त्याच्या पंक्तीस न बसता मिळालेले अन्न ते हे.

ज्या संस्थानाने हे केले त्याच संस्थानाच्या राजधानीत १९१७ साली जे घडले ते आम्हां वडोदरेकरांना सुखाचे नाही. परंतु या विषयात त्याहून बोलका प्रसंग दुसरा नाही. भीमराव आंबेडकर यांना सयाजीरावांनी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात असताना दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली होती आणि पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात धाडले होते. शिक्षण आटोपून, कराराप्रमाणे संस्थानची नोकरी करण्यासाठी ते बडोद्यास आले. त्यांच्यापाशी पदवी होती, नोकरी होती, पगार होता. नव्हती ती राहण्या-जेवण्याची जागा. हिंदूंची कोणतीही खानावळ त्यांना घेणार नव्हती. शेवटी एका पारशी पथिकाश्रमाच्या रखवालदाराने, नोंदवहीत पारशी नाव लिहावे आणि राहण्याजेवण्याचे रोज दीड रुपया द्यावे, या बोलीवर त्यांना वर घेतले.

त्या जागेचे वर्णन स्वतः बाबासाहेबांनी पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. वरच्या मजल्यावर मोडक्यातोडक्या सामानाने भरलेले मोठे दालन, त्याला लागून छोटी खोली. विजेचा दिवा नाही, रात्री हाती कंदील. अंधारात वटवाघळांची फडफड. दिवसातून तीन वेळा रखवालदार वर येई: सकाळी आठच्या सुमारास चहा घेऊन, साडेनऊला न्याहारी घेऊन आणि रात्री साडेआठला जेवण घेऊन. बोलावयास दुसरे माणूस नाही. एकटे राहणाऱ्याच्या दिनचर्येचे इतके नेमके चित्र आपल्या वाङ्मयात क्वचितच असेल. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेली पारशी मंडळी जिना चढून आली आणि त्यांनी संध्याकाळच्या आत जागा सोडावयास सांगितले. ओळखीच्या दोन मित्रांकडे, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, विचारून झाले. दोघांच्याही घरी अडचण होती. मुंबईची गाडी सुटेपर्यंतचा वेळ त्यांनी कमाठी बागेत काढला. त्याच बागेला आज आपण सयाजीबाग म्हणतो.

रोज दीड रुपया, म्हणजे महिन्याचे पंचेचाळीस. गोखल्यांच्या आठ रुपयांशी ही रक्कम ताडून पाहावी. मधली तीस-पस्तीस वर्षे आणि महागाई जमेस धरली तरी हे अन्न स्वस्त नव्हते. ज्याच्या हातात पैसा आहे त्यालाही अन्न विकत मिळू नये, अशी ती व्यवस्था होती. खानावळ म्हणजे पैसे टाकून जेवण्याची जागा, तेथे मागणाऱ्याची लाचारी संपते, असे आपण सहज म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. त्या काळच्या खानावळींच्या पाट्यांवर जातीचे नाव ठळक असे. पुढे लंडनमध्ये अभ्यास करताना बाबासाहेब एका घरमालकिणीकडे राहत होते. तिच्या हाताखालची न्याहारी आणि रात्रीचे बॉव्हरिलचे पाणी यांवर भूक भागत नसे. मग रात्री उशिरा एका परिचिताने दिलेले पापड भाजून ते खात व पुन्हा पुस्तक उघडीत. तेथील दारिद्र्य केवळ दारिद्र्य होते. वडोदऱ्यात जे झाले त्याचे नाव वेगळे आहे.

अन्नाचे हे कुंपण मोडावयाचे तर विद्यार्थ्याला दुसऱ्याच्या चुलीवर अवलंबून ठेवून चालणार नाही, हे ज्यांनी ओळखले त्यांत कोल्हापूरचे शाहू महाराज अग्रेसर होत. राजाराम कॉलेजला जोडून १८९६ साली निघालेले वसतिगृह सर्वांसाठी होते. पण कालांतराने तेथे बहुतेक ब्राह्मण विद्यार्थीच राहिले. तेव्हा महाराजांनी वेगळी वाट धरली. १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. मागोमाग जैन, मुसलमान, लिंगायत अशा एकेका समाजाची बोर्डिंगे उभी राहिली. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. जातवार वसतिगृहे काढून महाराजांनी जात पक्की केली, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि आजही घेतला जातो. आक्षेप अगदीच निराधार नाही. परंतु उपाशी मुलापुढे प्रथम ताट मांडावयाचे की प्रथम पंगत एक करावयाची, या प्रश्नाचे उत्तर ज्याच्या हाती कोठीच्या किल्ल्या आहेत त्याला त्याच दिवशी द्यावे लागते. पुण्यास १९०९ साली निघालेल्या अनाथ विद्यार्थी गृहानेही माधुकरीवर दिवस काढणाऱ्या मुलांना एक छप्पर आणि एक चूल दिली. आज ते पुणे विद्यार्थी गृह या नावाने चालते.

पंगत एक करण्याचे काम भाऊराव पाटलांनी साताऱ्यास केले. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू झाले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. येथे मुलांनीच दळावे, पाणी भरावे, भाकऱ्या कराव्यात, शेतात राबावे आणि एका ओळीत बसून खावे. गावोगावच्या घरांतून मूठमूठ धान्य गोळा करून कोठी भरली जाई. बारकाईने पाहिले तर ही माधुकरीच. पण झोळीत शिजलेल्या भाताऐवजी कोरडी ज्वारी पडू लागल्याबरोबर सोवळ्याओवळ्याचा प्रश्नच उरला नाही. कोरड्या धान्याला विटाळ नसतो, हे सनातनी गृहस्थालाही मान्य होते. शिजविणारे हात कोणाचे, हा प्रश्न मग बोर्डिंगच्या चार भिंतींत सुटला. त्यात एक हात लक्ष्मीबाई पाटलांचा होता. कर्मठ जैन घरातून आलेल्या या बाईंनी सर्व जातींच्या मुलांना पोटच्या पोरांसारखे वाढले आणि कोठी रिकामी झाली तेव्हा एकेक दागिना मोडला. शेवटी मंगळसूत्रही विकले. १९३० साली त्या वारल्या. संस्थेच्या इतिहासात त्यांचे स्मरण आदराने केले जाते, हे खरे. तथापि अशा किती बायकांचे स्मरण कोणत्याही इतिहासात नाही, हा विचार मुंबईच्या गिरणगावाकडे वळले की अधिकच टोचतो.

मुंबईची पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन होऊन १८५६ साली चालू झाली आणि पुढच्या अर्धशतकात रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर येथून तरणे पुरुष परळ-लालबागेत लोटले. बायकामुले गावी, शेत गावी, आणि गडी एकटा मुंबईत. एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारे दहा-पंधरा जण मिळून ‘गाळा’ करीत. दिवसपाळीचा उठला की त्याच वळकटीच्या जागी रातपाळीचा आडवा होई. या लोकांचे अन्न येई खानावळवाल्या बाईकडून. ती बहुधा गिरणीकामगाराचीच बायको, कित्येकदा विधवा किंवा टाकलेली; एका खोलीत तिचा संसार आणि तेथेच वीस-पंचवीस जणांचा स्वयंपाक. कोकण्याच्या खानावळीत भात आणि माशांची आमटी, घाटावरच्या माणसाच्या खानावळीत भाकरी आणि कालवण; जेवणारा आपल्या मुलखाची चव शोधून खानावळ धरी. पहाटेच्या पाळीआधी तिची चूल पेटे आणि दुसरी पाळी सुटल्यावर शेवटचे ताट उठे. पैसे महिन्याचे, पगाराच्या दिवशी. गावी गेलेल्याचा खाडा धरावयाचा. जो पगार बुडवून पसार झाला त्याचे धान्य तिने खपविलेले असे, पण वाण्याची उधारी तिच्याच नावावर राही. ती फेडण्यासाठी सावकाराचे व्याज. गिरणी बंद पडली, संप झाला, तरी तिने ताट बंद केले नाही, अशी साक्ष जुने कामगार देतात. कामगार लढ्यांच्या इतिहासात पुढाऱ्यांची भाषणे आहेत, ठरावांच्या तारखा आहेत. त्या लढ्यांत लढणाऱ्याला रोज उधारीवर जेवू कोणी घातले, याचे प्रकरण अजून कोणी सविस्तर लिहिलेले नाही.

या बायकांना एकत्र आणण्याचे काम १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाने केले. मंडळाच्या प्रवर्तक प्रेमाताई पुरव या गोव्याच्या मुक्तिलढ्यातून आलेल्या. गहाण ठेवण्याजोगी वस्तू नसलेल्या बाईला राष्ट्रीयीकृत बँकेचे छोटे कर्ज गटाच्या जामिनावर मिळवून द्यावे, म्हणजे ती सावकारातून सुटेल, हा त्यांचा मार्ग होता. २००२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मात्र १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा तो सार्वत्रिक संप सुरू झाला आणि हळूहळू जेवणारे गिऱ्हाईकच गावोगाव पांगले. गोव्याचा उल्लेख आलाच आहे तर त्याच मुंबईत धोबीतलावाच्या आसपास असलेल्या गोवेकर ख्रिस्ती मंडळींच्या ‘कुडां’चेही नाव घेतले पाहिजे. एकेका गावच्या लोकांनी मिळून घेतलेली जागा, भिंतीशी रांगेने पेट्या, एका बाजूस वेदी आणि संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना. बोटीवर नोकरी मिळेपर्यंत खलाशाने तेथे अल्प भाड्यात राहावे. गावचा माणूस एवढीच तेथे पात्रता होती, आणि तेवढी पुरे होती.

आतापर्यंत ज्या एकट्यांविषयी लिहिले ते सगळे पुरुष आहेत, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. बाईला माधुकरी नव्हती, वार नव्हते, खानावळीत तिच्यासाठी पान नव्हते. जी बाई खऱ्या अर्थाने एकटी पडे ती विधवा. पण ती भरल्या घरात एकटी असे, सर्वांसाठी रांधून स्वतः एकभुक्त राहत असे. महर्षी कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला तेव्हा अशा बाईसाठी चार भिंतींबाहेर एक ताट मांडले गेले. त्या आश्रमातील पार्वतीबाई आठवले यांची हकीकत विलक्षण आहे. आश्रमासाठी देशभर वर्गणी गोळा करीत हिंडलेल्या या बाई, वयाची पंचेचाळिशी उलटल्यावर, १९१८ साली एकट्या अमेरिकेस गेल्या. इंग्रजी यथातथा, मांसाहार वर्ज्य, हाती पैसा नाही. लोकांच्या घरी घरकाम करून, भांडी घासून त्यांनी तेथे आपले पोट भरले आणि १९२० साली आश्रमासाठी निधी घेऊन त्या परत आल्या. जे काम घरात राहून केले असते तर त्याला मोल नव्हते, त्याच कामाचे त्यांना तेथे डॉलर मिळाले. त्यांनी ‘माझी कहाणी’त हे सारे फार साधेपणाने सांगितले आहे.

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाचा भार थोडाबहुत सरकारने आणि सार्वजनिक संस्थांनी उचलला. १९५५ साली पुण्यात डॉ. अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती स्थापन केली. खेड्यातून आलेल्या मुलामुलींना राहण्याजेवण्याची सोय आणि त्याबदली रोजचे थोडे काम, अशी तिची घडण आहे. महाराष्ट्र सरकारने १९९५ साली एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना काढली. केंद्रांसाठी शहरांत मोक्याच्या जागा दिल्या गेल्या. पुढे योजना बंद पडली, जागा मात्र पुष्कळ ठिकाणी राहिल्या. २६ जानेवारी २०२० रोजी शिवभोजन थाळी निघाली तेव्हा दोन पोळ्या, भाजी, वरण आणि भात यांचे मोल दहा रुपये होते. शहरातील थाळीचा दर पन्नास रुपये धरलेला होता आणि उरलेले चाळीस सरकार भरीत होते. किंमत कोणी चुकविली, हे येथे निदान कागदावर लिहिलेले आहे.

पूर्वीच्या व्यवहारात ते लिहिलेले नाही. गिरणगावातील खानावळवाल्या बाईने भिंतीवर कोळशाने ओढलेल्या रेघा, बोर्डिंगांच्या कोठीच्या वह्या, कोणाचा वार कोणत्या घरी ही घरच्या बाईने मनात ठेवलेली यादी, यांतले फार थोडे उरले असेल. पण काही तरी उरले आहे. वडोदरा, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद या ठिकाणच्या आपल्या जुन्या मराठी घरांत वारावर जेवणारी मुले येत असत; त्या घरांच्या माळ्यांवर खर्चाच्या वह्या पडलेल्या आहेत. रद्दीवाल्याला देण्यापूर्वी त्या एकदा उघडून पाहाव्यात आणि त्यांत तांदळाच्या, तेलाच्या व कोळशाच्या नोंदींशेजारी एखाद्या परक्या मुलाचे नाव सापडल्यास ती वही अकादमीच्या ग्रंथालयाकडे पोचवावी, अशी सभासदांस विनंती आहे. पाने फाटलेली असली तरी चालतील.